काही निघालं नाही

परवा सकाळी अंगणातल्या तारेवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या. तासाभरानं काढायला गेले तर त्यांच्यावर काळे ठिपके. हलकी, भुरभुरीत राख. बोटानं टिपायला जावं तर आणखी पसरते. मान वर करून बघितलं, तर साखर कारखान्याच्या चिमणीतून धूर निघालेला. म्हटलं, आला बाई हंगाम! आता होळीपर्यंत पांढरं काही धुवायचं नाही, आणि धुतलंच तर मागनं बोंबलायचं नाही.

मी मूळची बारामती तालुक्यातल्या सांगवीची, दिली इंदापूर तालुक्यातल्या सणसरला. तिकडं ऊस, इकडंही ऊस. त्यामुळं मळीचा वास मला परका नाही. दुपारनंतर वारा फिरला की तो आंबूस-गोड वास घरात शिरतो, कपड्यांना लागतो, भाकरीच्या पिठालासुद्धा लागतो असं मला वाटतं. पुण्याहून येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला मात्र तो लहानपणापासून आवडायचा. रस्त्यावर ट्रॅक्टरांची वर्दळ, गाण्यांचा दणका, दाराशी जनावरांना उसाच्या शेंड्यांचे, वाढ्यांचे, हिरवे भारे, सगळं त्या वासात असायचं. गेल्या वर्षापासून मात्र तो वास आला की माझी नजर आधी लेकीला शोधते. ती कुठं आहे, काय करतेय, बसलीय की उभी आहे. मग बाकीचं.

गेल्या वर्षी याच दिवसांत, दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती तेव्हा, आमच्या ईश्वरीला फिट आली. एकदाच. त्यानंतर आजतागायत आलेली नाही. का आली ते कुणाला सांगता आलं नाही आणि परत येईल का, तेही कुणाला सांगता येत नाही. तेव्हा ती चौथीत होती. आता पाचवीत आहे, हात लांब झालेत आणि जीभ त्याहून लांब.

आमच्याकडं शब्दसुद्धा काय आहे बघा. पोर ठणठणीत असली की ‘एकदम फिट हाय’ म्हणायचं, आणि आडवी पडली की ‘फिट आली’ म्हणायचं. त्या हंगामात कुणी रस्त्यात भेटून विचारायचं, “पोरगी फिट हाय ना आता?” मग ‘आता’ या शब्दाचा मला राग यायचा. माणूस बिचारं चांगल्यासाठी विचारत असतं, पण माझा स्वभावच तसला, वाळल्या पाचटासारखा. ठिणगी पडायचा अवकाश.

आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा काढायचा, ट्रेच्या कप्प्यात कोकोपीट भरून त्यात लावायचा आणि हिरव्या जाळीखाली ठेवून कोंब यायची वाट बघायची. शेतकऱ्याला तयार रोप मिळतं, आम्हाला चार पैसे मिळतात. त्या सकाळी मी शेडमध्ये ट्रे भरत बसले होते आणि ईश्वरी शाळेचा ड्रेस घालून, दोन वेण्या घालून, पोत्यावर बसून दुधात खारी बुडवत होती. तिचं बोलणं म्हणजे पाटाचं पाणी, एकदा सोडलं की चालूच. बाईंनी कुणाला उभं केलं, कुणाच्या डब्यात काय होतं, गॅदरिंगला कुठलं गाणं. मी निम्मं ऐकते, निम्म्याला नुसतं हूं म्हणते. हूं म्हणता म्हणता लक्षात आलं की पाणी थांबलंय.

वर बघितलं तर तिची मान एका बाजूला वळलेली, डोळे उघडे, पण बघत नव्हते. हातातला कप मांडीवर सांडलेला. मी हाक मारली. मग ती ताठ झाली, पोत्यावरून घसरली आणि हातपाय झटके द्यायला लागले. ओठ निळसर पडले. त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. माझं ओरडणं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, अनवाणी पळत आल्या. सासऱ्यांनी, तात्यांनी, कांदा आणला आणि पायाखाली ठेचून तिच्या नाकाशी धरला. शेजारच्या सुमनकाकूंनी पायातली चप्पल काढून पुढं केली. आमचे हे पाण्याची मोटार चालू करायला गेले होते, ते तसेच चिखलाच्या पायांनी आले आणि तिच्या दातांत बोट घालायला लागले. पुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं, यातलं काही म्हणजे काही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळाकडं बघायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून नेमकं घड्याळ तेवढं सोडून सगळं केलं होतं.

ती आपोआप थांबली आणि गाढ झोपली. तिला उचलून गाडीत घातलं आणि बारामतीची वाट धरली. पण हंगामात ती वाट कुणाला मोकळी मिळालीय? पुढं उसानं भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं आणखी ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतोय, ड्रायव्हरच्या डोक्याशी स्पीकर दणदणतोय. मागचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. हे खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होते. मी मागं बसून तिच्या छातीवर हात ठेवला होता, वर-खाली होतेय ना तेवढंच बघत. अर्ध्या वाटेत तिनं डोळे उघडले, आळस दिला आणि म्हणाली, “मम्मी, माझ्या नाकाला कांद्याचा वास का येतोय?”

मी हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. दोन्हींतलं काहीतरी झालं खरं.

डॉक्टरबाई शांत बाई. घाईनं बोलत नाहीत, आणि पेशंट सोडून आधी नातेवाइकांना खुर्च्या देतात. त्यांनी पहिलं विचारलं, “किती वेळ चालली?” झालं! हे म्हणाले, दहा मिनिटं. आत्या म्हणाल्या, तास झाला असंल. मला तर ती अजून चालूच असल्यासारखी वाटत होती. तात्या तेवढे शांतपणे म्हणाले, “म्या चहा ठिवला व्हता. वरडा ऐकून पळालो तवा नुसता कोमट झाला व्हता. पोरगी निवांत पडल्यावर घरात कांद्याची सालं टाकाय गेलो, तवा उतू चाललेला.” डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “म्हणजे दोन-तीन मिनिटं,” त्या म्हणाल्या. “आजोबा, तुमचंच बरोबर वाटतंय.”

ताप होता का? नाही. डोक्याला मार? नाही. रात्री जागरण? नाही. घरात कुणाला असा त्रास? या प्रश्नावर मात्र आमच्या दोन्ही घराण्यांची झडती सुरू झाली. सासरचे हळूच माहेराकडं बघायला लागले आणि माहेरचे फोनवरून सासराकडं. तात्यांना त्यांचा एक चुलत मामा आठवला, जो बैलगाडीतून पडायचा. पण तो पिऊन पडायचा, असं आत्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

मग तपासण्या. रक्ताच्या झाल्या, नीट आल्या. एमआरआयला तिला आत सरकवलं तेव्हा मी दाराशीच उभी होते. ती न हलता पडून राहिली, शहाणी बाई. बाहेर आल्यावर म्हणाली, “आत बोअरची गाडी चालू हाय वाटतं. माझ्या डोक्यात किती फूट घेतली?” तिथला माणूस खो-खो हसला. तोही आमच्याच बाजूचा असणार. डोक्यात बोअर घेणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळावं.

त्यात काही निघालं नाही.

मग राहिला तो मेंदूचा आलेख, ज्याला सगळे ईईजी म्हणतात. त्यासाठी सूचना होत्या: केस स्वच्छ धुवून आणा, तेलाचा थेंब लावू नका आणि मुलीला कमी झोपवून आणा, म्हणजे इथं आल्यावर ती झोपेल. आदल्या दिवशी मी तिचे केस शाम्पूनं धुतले. पहाटे उठवलं. बारामतीपर्यंत गाडीत डुलकी लागू द्यायची नव्हती, म्हणून गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. पहिल्यांदा तात्या झोपले, मग आत्या घोरायला लागल्या, मग मीही पेंगले. जागे दोघंच, गाडी चालवणारे हे आणि जिला जागी ठेवायचं होतं ती. तिनं ‘ळ’वरून गाणं मागितलं आणि ह्यांना हरवलं.

तिथं एक मुलगी तिच्या डोक्याला वायरी चिकटवायला लागली. एक चिकटेना. दुसरी लावली, तीही घसरली. तिनं भांगात बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. “तेल लावलंय का हो ताई?” मी म्हटलं, छे! मी स्वतः धुतलेत. तेवढ्यात ईश्वरी निरागसपणे म्हणाली, “आजीनं लावलं. एवढुसंच. भांगात.”

मी आत्यांकडं वळले. त्या पदराशी चाळा करत उभ्या होत्या. “भरल्या दवाखान्यात कोरड्या डोक्यानं पोर न्यायची?” त्या म्हणाल्या. “लोकं काय म्हणतील, आय मेलीया का हिची? बोटभर लावलं फकस्त. दिसतसुदीक न्हाय.” मला इतका संताप आला की मी तोंडाला कुलूप घालून बाहेर जाऊन उभी राहिले. इकडं हात-पाय मोडून घेतले तरी चालतील, पण मुलीच्या डोक्याला तेल नाही म्हणजे तिचं कुणी नाही. बारशापासून आत्यांनी त्या पोरीच्या टाळूवर तेल जिरवलंय. हात आपोआप गेला असणार. पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा नाही.

तिथल्या बेसिनमध्ये तिचं डोकं परत धुतलं, पुसलं, वायरी लावल्या. आता झोप म्हटलं, तर थंड पाण्यानं पोरीची झोप पार उडालेली. टकाटका छताकडं बघत पडली. आलेख निघाला, पण जाग्या पोरीचा, आणि मधेमधे खराब.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं. “यात स्पष्ट असं काही दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असंही म्हणता येत नाही. पुष्कळ मुलांना अशी एकदा येते आणि आयुष्यात परत कधी येत नाही. काहींना परत येते. हिचं यातलं कुठलं, ते मला आज सांगता येणार नाही. औषध आत्ता सुरू करत नाही. लक्ष ठेवा. थोड्या दिवसांनी परत आलेख काढू.”

ह्यांनी दाराबाहेर येऊन घरी फोन लावला. तात्या-आत्यांना दुपारीच एसटीनं पाठवून दिलं होतं. हे म्हणाले, “काय निघालं न्हाय.”

एवढे तीनच शब्द. पण आमच्या मुलखात ते तीन शब्द दोन तऱ्हेनं चालतात. दवाखान्यातून आले तर पेढे वाटायचे. बोअरच्या गाडीपाशी आले तर पाणी लागलं नाही म्हणून डोक्याला हात लावून बसायचं. ह्यांनी कुठल्या तऱ्हेनं म्हटलं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तिकडं आत्यांनी पहिल्या तऱ्हेनं घेतलं. आम्ही घरी पोचलो तर पुरण शिजलेलं, दारात सुमनकाकू तांदूळ-पाणी ओवाळून टाकायला उभ्या, तात्यांनी गल्लीत सांगून टाकलेलं, “आमच्या पोरीला कायसुदीक न्हाय. रिपोर्ट निल!” ईश्वरीच्या कपाळाला कुंकू लावलं. ती खूश. मी ताटावर बसले आणि पुरणाच्या पोळीचे नुसते तुकडे करत राहिले. काय सांगणार होते? की आत्या, हे तसलं ‘न्हाय’ नाही? की गाडी खाली गेलीय, नुसती माती येतेय, पाणी आहे का नाही ते अजून कळलेलं नाही?

कळायचं ते चार दिवसांत कळलंच. परत आलेख काढायचाय म्हटल्यावर घरातलं हसू उतरलं, आणि गल्लीनं तेच तीन शब्द आता उलटे केले. सुमनकाकू मनाच्या वाईट नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणात त्यांनी भाकऱ्या थापल्यात. आमच्या थोरलीच्या वेळी तर महिनाभर. पण त्या शेडमध्ये येऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, “वैशाली, येवढ्या मोठ्या मशिनीला सापडंना, म्हंजी ते डॉक्टरचं न्हायच. भाईरचं बघ कायतरी.”

मी म्हटलं, “काकू, माझं एक जोडवं दोन वर्षं सापडंना. ते पण भाईरचंच का?”

त्या फणकाऱ्यानं गेल्या, दुसऱ्या दिवशी वाटीभर ताक घेऊन परत आल्या. आमचं भांडण असं ताकापलीकडं जात नाही.

खरं सांगू का, मला त्यांचा राग आला तो त्या मूर्खासारखं बोलल्या म्हणून नाही. मलाही तसंच काहीतरी हवं होतं म्हणून आला. कुणीतरी एक कारण माझ्या पदरात टाकावं. वाईट असलं तरी चालेल, पण नाव असलेलं असावं. नाव असलं की माणूस त्याच्याशी भांडू शकतो, गोळ्या घेऊ शकतो, पथ्य पाळू शकतो. मी मोबाइलवर बघायला लागले आणि जेवढं वाचलं तेवढी रात्रीची झोप गेली. एका ठिकाणी लिहिलेलं, काही होत नाही. खालीच दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून मी उठून झोपलेल्या ईश्वरीच्या नाकाशी बोट धरलं. शेवटी ह्यांनी फोन काढून घेतला. स्वतः मात्र गुपचूप तेच वाचत होते, हे मला नंतर कळलं.

मग सुरू झाली राखण. आम्ही कुणी एकमेकांना तसं बोललो नाही, पण घरातला प्रत्येक माणूस तिच्यावर डोळा ठेवून राहायला लागला. न्हाणीघराची आतली कडी काढली. सायकल माळ्यावर टाकली. विहिरीवर पोहायला जायचं बंद. हे उसाला पाणी द्यायला गेले की घटकाभरानं परत दारात. “काय झालं?” “पान्हा राहिला.” थोड्या वेळानं परत, “पक्कड राहिली.” पान्हा त्यांच्या खिशातून डोकावत असायचा. तिला एकदा डोळ्यांखालून घातलं की परत जायचे. माझी थोरली शाळेत हुशार, तिनं ईश्वरीच्या वर्गातल्या मैत्रिणींना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवलं. आणि तात्यांनी जन्मात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं, त्यांनी कपाटातून लग्नातलं घड्याळ काढलं, बारामतीहून त्यात सेल घालून आणला आणि पोरगी अभ्यासाला बसली की समोर घड्याळ लावून बसायला लागले. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघायला सांगितलंय ना, म्हणून.

नर्सरीत त्या दिवसांत गर्दी होती. शेतकरी येऊन ट्रेवरून हात फिरवत विचारायचे, “वैनी, समदं उगवंल ना?” आणि मी अगदी सहज म्हणायचे, “समदं कसं उगवंल भाऊ? जेवढं उगवायचं तेवढं उगवंल.” वर्षानुवर्षं हे वाक्य मी म्हणत आलेय. कुठला डोळा फुटेल आणि कुठला आतल्या आत कुजेल, हे वरून कळत नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण म्हणून त्यावरून कुणी मला शहाणपण शिकवायला येऊ नका. पोर म्हणजे ट्रे नव्हे. ट्रेमध्ये चार कमी उगवले तर वरचे चार जास्त देता येतात.

ईश्वरीनं यातलं किती पाहिलं, ते मला कळलं नाही. तिचं पाटाचं पाणी चालूच होतं, पण मधेमधे ते अडायचं. आम्ही दोघं बोलत असलो आणि ती आली की आम्ही विषय बदलायचो. ती दाराशी थांबून एकदा माझ्याकडं, एकदा ह्यांच्याकडं बघायची आणि काही न विचारता निघून जायची. एकदा गाल फुगवून म्हणाली, “हल्ली मला कुणी रागवतच न्हाय. सातचा पाढा चुकला तरी पप्पा हसतात.” मी म्हटलं, बरंच आहे की मग. ती म्हणाली, “काय बरं हाय त्यात?”

रात्री झोपताना तिनं विचारलं होतं, अगदी सुरुवातीला, “मला परत तसं व्हईल का?” मी चटकन म्हटलं, “न्हाय होणार, झोप तू.” तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

संक्रांतीनंतर परत आलेख काढायला गेलो. पहाटे निघालो तेव्हा कडाक्याची थंडी. रस्त्याच्या कडेला ऊसतोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं चुली पेटलेल्या, बाया भाकऱ्या थापतायत, बैलांच्या अंगावर पोती टाकलेली. ईश्वरी काचेला नाक लावून बघत होती. आत्या या वेळी तिच्याजवळ बसल्या होत्या, पण हात स्वतःच्या मांडीखाली धरून. आठवडाभर त्यांनी तेलाची बाटली डाळीच्या डब्यामागं लपवून ठेवली होती, आपला आपल्यावरच भरवसा नाही म्हणून. या वेळी वायरी नीट चिकटल्या. या वेळी पोरगीही झोपली, तोंड उघडं टाकून, गाढ.

डॉक्टरबाईंनी आलेख बघितला. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघितलं. “एका ठिकाणी थोडं वेगळं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण असं कधी फिट न आलेल्या मुलांतही कधीकधी दिसतं. यावरून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मधल्या काळात काही झालेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. तिला खेळू द्या, शाळेत जाऊ द्या. पोहताना, सायकलवर कुणीतरी मोठं सोबत असू द्या. बाकी तिला सारखं जपत बसू नका.”

आम्ही उठलो. आत्या उठल्या नाहीत. खुर्चीच्या टोकाला बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टरीनबाई, एक इचारू? मागल्या टायमाला म्या तेल लावलं व्हतं. माझ्या बोटभर तेलानं पोरीचं दुखणं झाकलं का वो?”

मला वाटायचं त्यांच्या ते ध्यानातही नाही. बाई दोन महिने हे उरावर घेऊन हिंडत होती. मी रागानं गप्प होते आणि त्या भीतीनं गप्प, आणि एकाच चुलीपुढं आम्ही दोघी पाठीला पाठ लावून भाकऱ्या करत होतो.

“नाही हो आजी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेलानं फार तर माझा कागद खराब होतो. पोरगी होत नाही. आता घरी जाऊन हवं तेवढं लावा.”

आत्या बाहेर आल्या आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या. पिशवीतून बाटली काढली. अहो, बाटली बरोबरच आणलेली! ईश्वरीला पुढ्यात घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तिच्या टाळूवर तेल थापायला लागल्या. तेल कपाळावर ओघळलं तरी थांबेनात. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि वेण्या घालायला घेतल्या, एक त्यांनी, एक मी.

तेवढ्यात तात्यांचा फोन. “काय निघालं?”

हे एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, “थोडं निघालंय तात्या. पण काय निघालंय ते त्यांनाबी म्हाईत न्हाय.”

“पानी हाय का माती?”

“वलसर माती.”

“मग ठिवा झाकून,” तात्या म्हणाले. “आन् जेवाया घरी या.”

होळी झाली, कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, ट्रॉल्या थांबल्या. उन्हाळ्यात ह्यांनी सायकल माळ्यावरून काढली आणि तिच्या मागं पळून पळून स्वतःचा गुडघा धरून बसले. काही झालं नाही. पाऊस झाला, नवीन शाळा सुरू झाली, काही झालं नाही. तात्यांचं घड्याळ अजून मनगटावर आहे. सवय लागली म्हणतात. आम्ही हळूहळू हसतो, रागावतो, विसरतो. म्हणजे विसरलो असं वाटतं, तेवढ्यात ती भाकरी चावता चावता उगीच खिडकीबाहेर टक लावते, आणि माझ्या हातातलं उलथनं थांबतं. “काय गं?” “काय न्हाय, चिमणी बघतेय.” तिची चिमणी बघून होते. माझा श्वास मागाहून येतो.

काल तिला लासुर्ण्याच्या शाळेतून स्कूटीवर घेऊन येत होते. ती मागं बसते आणि मी माझ्या ओढणीनं तिला माझ्या कमरेशी बांधते. लोक हसतात, हसू देत. कालव्याच्या पुलाअलीकडं ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली कलंडायला आली होती, म्हणून सगळी वाहतूक उभी. मीही गाडी बंद केली. पुढं माणसं ओरडत होती, दोर बांधत होती. मागून तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, पाढ्याबद्दल विचारावं तसा.

“मम्मी, मला परत फिट येईल का?”

तिचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि माझं तिला. तयार असलेलं उत्तर ओठापर्यंत आलं होतं. का कोण जाणे, ते बाहेर पडलं नाही.

“मला माहीत न्हाय, ईशू,” मी म्हटलं.

“पप्पांना?”

“त्यांना पण न्हाय.”

“तात्यांना?”

“न्हाय गं.”

“डॉक्टरबाईंना तर असंल.”

“त्यांना पण माहीत न्हाय. येईल, न येईल. बहुतेक न्हाय येणार, असं त्यांना वाटतं. पण नक्की कुणालाच माहीत न्हाय.”

ओढणी जरा ताणली गेली. तिनं पुढं वाकून गाल माझ्या पाठीला टेकवला, आणि तिचं सगळं अंग सैल पडलं. मी हात मागं नेऊन तिला धरलं. पण ती नुसती टेकली होती.

“मग बरं हाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमाला सगळ्यांना माहीत हाय आन् मलाच सांगत न्हाय.”

पुढची ट्रॉली सरळ झाली, रस्ता सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, एकजण ‘ओ ताई’ म्हणून ओरडला, आणि मला काही केल्या स्कूटीची चावी फिरवता येईना.